निर्मनुष्य साक्षीदार

प्रशासनात काम करणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरविण्यात जातो. पूर्वी आकडा माणसाकडून येत असे. पर्जन्यमापकाजवळ नेमलेला कारकून, पाणीपट्टीची नोंदवही ठेवणारा कालवा-निरीक्षक, पिकांची नोंद करणारा तलाठी, अशा कोणाची तरी त्या आकड्याखाली सही असे. आकडा संशयास्पद वाटला तर सही करणाऱ्याला बोलावून विचारता येत असे. गेल्या काही दशकांत हे चित्र झपाट्याने बदलले. आज आकडा येतो तो डोंगरमाथ्यावरच्या स्वयंचलित हवामान केंद्राकडून, भर समुद्रात तरंगणाऱ्या बोयाकडून, कारखान्याच्या धुराड्यात बसविलेल्या सेन्सरकडून किंवा पुलाखाली लावलेल्या जलपातळीमापकाकडून. या उपकरणांजवळ कोणीही बसलेले नसते. ती आपण होऊन मोजतात, आपण होऊन कळवितात आणि त्यांच्या कळविण्यावर विमा, दंड, नुकसानभरपाई, कधी कधी हजारो लोकांचे स्थलांतर अवलंबून असते.

अशा निर्मनुष्य साक्षीदाराची साक्ष ग्राह्य केव्हा मानावी, हा प्रश्न बहुतेकांना नवा आणि केवळ तांत्रिक वाटतो. माझ्या मते तो दोन्ही नाही. साठ वर्षांपूर्वी दोन महासत्ता याच प्रश्नावर अडून बसल्या होत्या आणि त्याचे उत्तर शोधण्यात तीस वर्षांहून अधिक काळ गेला. ते उत्तर पुढे आपल्या गावातील पर्जन्यमापकालाही लागू पडते. म्हणून तो इतिहास थोडा विस्ताराने सांगतो.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्यानंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. चाचण्या थांबवाव्यात हे तत्त्वतः अनेकांना मान्य होते. अडचण एवढीच, की दुसरा पक्ष चोरून चाचणी करणार नाही हे कसे कळावे? हवेतील स्फोट लपत नाही. जमिनीखालचा स्फोट मात्र भूकंपासारखा दिसतो. १९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात 'रेनिअर' नावाची पहिली पूर्णतः भूमिगत चाचणी केली आणि या प्रश्नाला धार आली.

या चाचणीसंबंधीची एक घटना प्रशासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्च १९५८ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जाहीर केले, की या स्फोटाचे कंपन २५० मैलांच्या पलीकडे कोठेही नोंदले गेले नाही. याचा सरळ अर्थ असा, की चाचणीबंदीवर देखरेख ठेवणे अशक्य आहे. आय. एफ. स्टोन नावाच्या पत्रकाराने सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडे, म्हणजे किनारा व भूमापन खात्याकडे, चौकशी केली. तेथील नोंदींत सुमारे २,३०० मैलांवरच्या अलास्कातील केंद्रानेही ते कंपन टिपल्याचे दिसले. आयोगाला निवेदन दुरुस्त करावे लागले. येथे उपकरणाने आपले काम चोख केले होते. उपकरण आणि जनता यांच्यामध्ये मात्र हितसंबंध असलेली एक संस्था उभी होती. ती नोंद दुसऱ्या एका खात्याच्या दप्तरात उघडी पडलेली होती, म्हणूनच खरे काय ते कळले.

१९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हात तज्ज्ञांची परिषद भरली. तिने जगभर १६० ते १७० जमिनीवरील नियंत्रण ठाणी आणि सुमारे १० जहाजे अशी योजना सुचविली. प्रत्येक ठाण्यावर परदेशी तज्ज्ञांसह मोठा कर्मचारीवर्ग असणार होता. सोव्हिएत संघाला हे मान्य होणे कठीण होते. देखरेखीच्या नावाखाली आपल्या भूमीवर हेर येऊन बसतील, अशी त्यांची धारणा होती आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. अमेरिकेची भीती उलट होती. ठाण्यांवर सोव्हिएत माणसे बसली तर नोंदी बदलल्या जातील, असे तिला वाटे. ज्याची भूमी त्याला परक्याचा डोळा नको आणि ज्याला माहिती हवी त्याला यजमानाचा हात नको, असा हा पेच होता.

या पेचातून 'काळ्या पेटी'ची कल्पना निघाली. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडन येथे भरलेल्या पगवॉश परिषदेत दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी ती मांडली. माणूस नकोच, मोहोरबंद पेटीत स्वयंचलित भूकंपमापक ठेवावा, ठरावीक काळाने ती पेटी आंतरराष्ट्रीय केंद्राकडे नेऊन उघडावी, अशी ती योजना होती. १९ डिसेंबर १९६२ रोजी ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना पत्र लिहून अशी तीन केंद्रे सोव्हिएत भूमीवर मान्य केली. कोक्चेताव, बोदाइबो आणि याकुत्स्क यांच्या परिसरात ती बसणार होती. शिवाय वर्षाला दोन-तीन प्रत्यक्ष पाहण्यांचीही तयारी दर्शविली. अमेरिका आठ ते दहा पाहण्या मागत होती. पुढे ती सातवर आली. तीन आणि सात यांच्यामधले अंतर काही केल्या मिटले नाही. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत जो करार झाला त्यात हवेतील, पाण्याखालील आणि अंतराळातील चाचण्यांवर बंदी आली. भूमिगत चाचण्या मोकळ्या राहिल्या. भारताने या करारावर लगेच, त्याच महिन्यात, सही केली. भूमिगत चाचण्या पुढे तीस वर्षे चालू राहिल्या, त्याची कारणे अनेक असतील. परंतु निर्मनुष्य उपकरणावर विश्वास ठेवण्याची सर्वमान्य रीत त्या वेळी उपलब्ध नव्हती, हे त्यातील एक मोठे कारण होते.

काळ्या पेटीत दोन उणिवा होत्या. पेटी महिनोन्महिने मुकी असे. ती उघडेपर्यंत आत काय आहे हे कोणालाच कळत नसे. आणि तिचे रक्षण केवळ बाहेरच्या मोहोरेवर अवलंबून होते. पहिली उणीव दळणवळणाने दूर झाली. १९६५ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात ५२५ भूकंपमापकांचे एक विशाल जाळे उभे राहिले आणि त्यांच्या नोंदी तारेने एका केंद्रात येऊ लागल्या. नॉर्वेत ओस्लोजवळ असेच 'नॉरसार' केंद्र झाले. त्याच्या नोंदी अमेरिकेला पोचविण्यासाठी जी वाहिनी होती, तिच्याच आधारे जून १९७३ मध्ये नॉर्वे 'अर्पानेट'ला जोडला गेला. आजच्या इंटरनेटचा हा पूर्वज अमेरिकेबाहेर पडला तो भूकंपमापकांचा हात धरून, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पैशाने जगभर सुमारे १२० ठिकाणी एकसारखे भूकंपमापक बसविण्यात आले. आपल्याकडे पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल येथे अशी केंद्रे होती. या केंद्रांवर माणसे होती आणि त्यांच्या नोंदी सूक्ष्मपटावर उतरवून कोणाही शास्त्रज्ञाला मिळत. मूळ हेतू चाचण्या ओळखण्याचा असला, तरी या खुल्या नोंदींमुळेच जगातील भूकंपांचे नेमके नकाशे तयार झाले आणि भूपट्टांच्या सिद्धांताला भक्कम आधार मिळाला. नोंद खुली ठेवली की तिचा उपयोग मूळ हेतूच्या कितीतरी पलीकडे जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे सार्वजनिक वस्तूचे नमुनेदार उदाहरण वाटते. एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही.

याच्या अगदी उलट टोकाची कहाणी आपल्या हिमालयात घडली. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे संदेश टिपण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर संस्थांनी मिळून नंदादेवीवर एक निर्मनुष्य उपकरण बसविण्याचे ठरविले. त्याला वीज मिळणार होती ती प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या जनित्राकडून. १९६५ च्या यशस्वी भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पथक वर गेले. हवामान बिघडल्याने उपकरण शिखराखालच्या तळावर बांधून ठेवून त्यांना परतावे लागले. १९६६ मध्ये ते आणावयास गेले तेव्हा तेथे काहीही नव्हते. पुढे १९६८ पर्यंत शोध चालला. ते जनित्र आजतागायत मिळालेले नाही. १९६७ मध्ये जवळच्या नंदाकोट शिखरावर बसविलेल्या दुसऱ्या उपकरणाने काही काळ काम केले, पण तेही बर्फाखाली गेले आणि नंतर काढून आणावे लागले.

देशाला हे कळले ते १९७८ मध्ये, एका अमेरिकी मासिकातील लेखामुळे. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी एप्रिल १९७८ मध्ये संसदेत निवेदन केले आणि शास्त्रज्ञांची समिती नेमली. त्यानंतरही संशय मिटला नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला प्रलयंकारी पूर आला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून त्याचे कारण रोंटी शिखरावरून कोसळलेला खडक आणि बर्फ हे असल्याचे स्पष्ट झाले. तरीही रैणी गावातील लोकांच्या तोंडी त्या हरवलेल्या यंत्राचेच नाव आले. रैणी म्हणजे १९७४ मध्ये जेथील स्त्रियांनी झाडांना मिठी मारून जंगल वाचविले तेच गाव. गावकऱ्यांचा तर्क चुकीचा होता. त्यांचा अविश्वास मात्र अकारण नव्हता. ज्या उपकरणाचे रक्षण केवळ गुप्ततेने केले जाते ते हरवल्यावर शेजाऱ्यांना सावध करण्याचा मार्गही बंद होतो, आणि पुढच्या पिढीत खरी माहिती दिली तरी ती स्वीकारली जात नाही.

आता पुन्हा मुख्य कथेकडे येऊ. १९७७ ते १९८० या काळात अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात संपूर्ण चाचणीबंदीची बोलणी झाली. सोव्हिएत संघाने आपल्या भूमीवर अशी दहा केंद्रे तत्त्वतः मान्य केली. मग त्याने ब्रिटनकडेही, त्याच्या वसाहती धरून, दहाच मागितली. ब्रिटनने एकच देऊ केले. बोलणी फसली. परंतु या निमित्ताने अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत गुस्ताव्हस सिमन्स या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काळ्या पेटीची दुसरी उणीव, म्हणजे रक्षणाची, मुळापासून विचारात घेतली. त्यांचा युक्तिवाद मला प्रशासनशास्त्राचा उत्तम धडा वाटतो.

समजा, भूकंपमापक परक्या देशात खोल छिद्रात पुरला आहे. कोणी तो उकरू लागले तर त्यातील गुप्त किल्ली आपोआप पुसली जाईल अशी व्यवस्था आहे. आता नोंदी तारेने बाहेर येणार. वाटेत यजमानाने त्या बदलू नयेत म्हणून त्या सांकेतिक लिपीत पाठवाव्यात, हा पहिला विचार. पण यजमान म्हणणार, की मला वाचता येत नाही असे काहीही माझ्या देशातून बाहेर जाऊ देणार नाही. तुम्ही भूकंपाच्या नावाखाली माझ्या लष्करी तळाची माहिती पाठवीत नाही कशावरून? त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणजे नोंद उघडीच पाठवावयास हवी. गुप्तता आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि येथे फक्त दुसरी हवी आहे, हे सिमन्सच्या विचाराचे मर्म होते.

उघड्या नोंदीला गुप्त किल्लीने तयार केलेली एक खूण जोडावी, असे पुढचे पाऊल. नोंदीत एक अक्षर बदलले तरी खूण जुळत नाही. पण खूण तपासणारा आणि तयार करणारा एकाच किल्लीचा धनी असेल, तर दोन शंका उरतात. त्या खुणेत काही दडले आहे का, हे यजमानाला पाहता येत नाही. शिवाय देखरेख करणारा स्वतःच खोटी नोंद तयार करून यजमानावर आरोप करू शकेल. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी दोन किल्ल्यांची पद्धत शोधली. एकीने खूण करावयाची, दुसरीने ती तपासावयाची. तपासण्याची किल्ली सर्वांना वाटली तरी तिने खूण करता येत नाही. ई-निविदा भरताना आपण जी डिजिटल स्वाक्षरी वापरतो ती याच कुळातील. आता यजमानालाही प्रत्येक खूण तपासता येऊ लागली. उरलेल्या शंकेसाठी, एकाच्या नव्हे तर सर्व पक्षांच्या किल्ल्यांनी खूण करावी, म्हणजे कोणालाही एकट्याने खोटी नोंद रचता येणार नाही, असा उपाय निघाला. एवढे करूनही सिमन्सने १९८३ मध्ये स्वतःच दाखवून दिले, की काही स्वाक्षऱ्यांच्या आत गुप्त निरोप दडविता येतो. आपल्याच व्यवस्थेतील भोक शोधून ते जाहीर करण्याची ही वृत्ती दुर्मीळ आहे.

थोडक्यात, तीस वर्षांच्या खटपटीतून निघालेले सूत्र असे: नोंद सर्वांना वाचता यावी, सर्वांना तपासता यावी आणि बदलता मात्र कोणालाही येऊ नये, ज्याने उपकरण बसविले त्यालाही नाही.

२४ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वंकष चाचणीबंदी करार सह्यांसाठी खुला झाला, तो या सूत्रावर उभा आहे. त्याच्या देखरेख व्यवस्थेत ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा अशा ३३७ घटकांची योजना आहे आणि त्यांपैकी बहुतांश कार्यरत आहेत. बरीच केंद्रे दुर्गम बेटांवर, ध्रुवप्रदेशात, जंगलात आहेत. नोंदींवर केंद्रातच डिजिटल स्वाक्षरी होते, त्या उपग्रहाने व्हिएन्नाला जातात आणि सर्व सदस्य देशांना त्या मूळ स्वरूपात मिळतात. अमुक घटना ही अणुचाचणी होती, असा निवाडा संस्था देत नाही. तो सदस्य देशांवर सोपविलेला आहे. भारत या कराराचा सदस्य नाही. १९९६ मध्ये जिनिव्हात अरुंधती घोष यांनी भारताची भूमिका ठामपणे मांडली होती. तिची चर्चा येथे करीत नाही. करार अद्याप अमलातही आलेला नाही आणि २०२३ मध्ये रशियाने आपले अनुमोदन मागे घेतले. तरीही ही उपकरणे आपले काम करीत राहिली आहेत. ११ मे १९९८ च्या पोखरण चाचणीची तयारी अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांना उमगली नाही, पण तिचे कंपन पाकिस्तानातील निलोरसह अनेक केंद्रांनी टिपले. २०११ मध्ये फुकुशिमाचे किरणोत्सारी कण आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या उल्केचा अश्राव्य ध्वनीही याच जाळ्याने नोंदविला.

वाचकहो, महासत्तांच्या या भांडणाचा आपल्या रोजच्या प्रशासनाशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा, की प्रत्येक निर्मनुष्य उपकरणाचा कोणी ना कोणी यजमान असतो आणि त्याचे हित नोंदीच्या बाजूचे आहे की विरुद्ध, यावर त्या उपकरणाचे आयुष्य ठरते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने हैदराबाद येथे इशारा केंद्र उभारले. १५ ऑक्टोबर २००७ रोजी ते सुरू झाले. समुद्रतळावरील दाबमापक पाण्याच्या उंचीतील अल्पसा फरक ओळखतो, ध्वनीद्वारे वरच्या बोयाला कळवितो आणि बोया उपग्रहाला. अशा बोयांचे महत्त्व फक्त इशारा देण्यापुरते नाही. खोटा इशारा टाळणे हेही तितकेच मोलाचे. १७ नोव्हेंबर २००३ रोजी अलास्काजवळ मोठा भूकंप झाला तेव्हा अशाच एका बोयाने लाट किरकोळ असल्याचे सांगितले आणि हवाई बेटांचे स्थलांतर टळले. वाचलेला खर्च ६.८ कोटी डॉलर धरण्यात आला. परंतु तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात. मच्छीमाराच्या दृष्टीने बोया म्हणजे हुकमी मासे मिळण्याची जागा; तो होडी तेथे बांधतो, जाळे टाकतो आणि तारा तुटतात. सौर पट्ट्या आणि बॅटऱ्याही चोरीला जातात. जगातील सर्व महासागरांत हे घडते, आपल्याही. इंडोनेशियात २००४ नंतर बसविलेले २२ बोये २०१२ पासून बंदच होते, असे तेथील आपत्ती निवारण संस्थेने सप्टेंबर २०१८ च्या पालू येथील दुर्घटनेनंतर सांगितले. नासधूस आणि निधीचा अभाव ही कारणे होती. लाट काही मिनिटांतच किनाऱ्यावर आल्यामुळे, बोये चालू असते तर पालू वाचले असते असे मी म्हणणार नाही. पण सहा वर्षे मुकी पडलेली उपकरणे कोणाच्याही रोजच्या कामाची नव्हती, म्हणून त्यांच्याविषयी फारसा आरडाओरडा झाला नाही, एवढे खरे. भर समुद्रात पहारेकरी ठेवता येत नाही. मच्छीमाराला लाटांचा अंदाज आणि माशांच्या जागांची माहिती रोज मिळाली आणि ती त्या बोयामुळे मिळते हे कळले, तर तोच पहारेकरी होतो. आपल्या सागरी संस्था मच्छीमारांशी बोलतात, त्यांना असे अंदाज पुरवितात, हे योग्य दिशेचे काम आहे.

पावसाच्या मोजणीत यजमानाचे हित आणखी गुंतागुंतीचे होते. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यात पर्जन्यमापकाच्या नोंदीवर आधारलेल्या पीकविम्याचा पहिला प्रयोग झाला. २००७ पासून हवामानाधारित पीकविमा योजना देशभर आली. महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. नोंदीला पैशाची किंमत आली की नोंद बदलण्यालाही किंमत येते. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात दोन शेतकऱ्यांनी २०१६-१७ मध्ये सरकारी पर्जन्यमापकांवर नांगराच्या चकत्या झाकून, त्यांच्या तारा कापून पाऊस कमी दाखविला आणि विम्याचे पैसे उचलले. त्यांना कैद झाली आणि साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. शेतकरीच असे करतात असे मात्र कोणी समजू नये. चीनमधील शिआन येथे २०१६ मध्ये हवेचे प्रदूषण मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत सुती जाळी कोंबून आकडे सुधारले गेले, ते पर्यावरण खात्याच्याच अधिकाऱ्यांकडून. पुढच्या वर्षी त्यांना शिक्षा झाली. ज्याच्या कामगिरीचे मूल्यमापन आकड्यावरून होते त्याच्याच हाती यंत्राची किल्ली होती, यात सारे आले.

काही वर्षांपूर्वी पीकविम्याच्या आढाव्यासाठी मध्य भारतातील एका जिल्ह्यात मी अशी काही केंद्रे पाहत फिरलो. एका गावात कुंपण उत्तम होते, कुलूप होते, फलक होता. एका वृद्ध शेतकऱ्याने मला हिंदीत विचारले, "साहेब, हे यंत्र आमच्या पावसाचे काय लिहून पाठविते, ते आम्हाला कोठे दिसते?" नोंद दूरच्या शहरातील एका संगणकावर जात होती. हंगाम संपल्यावर भरपाई मंजूर वा नामंजूर झाली म्हणजेच गावाला तिचा पत्ता लागे. परवाच्या पावसात घराच्या अंगणातले भांडे भरले की नाही हे त्या माणसाला ठाऊक होते. यंत्राने काय लिहिले ते ठाऊक नव्हते. ख्रुश्चेव्ह आणि केनेडी यांच्यातील पेच त्या कुंपणापाशी जसाच्या तसा उभा होता.

अशा उपकरणांच्या निविदा मी बऱ्याच वाचल्या आहेत. अचूकता किती मिलिमीटर, बॅटरी किती दिवस, कुंपणाची उंची किती, हे सारे तपशिलाने लिहिलेले असते. तीन गोष्टी क्वचितच आढळतात. या नोंदीमुळे कोणाचे नुकसान होऊ शकते आणि तो उपकरणापासून किती अंतरावर आहे? ज्याच्या भूमीवर उपकरण आहे त्याला नोंद त्याच क्षणी वाचता येते का? आणि उपकरण बसविणाऱ्या खात्याने अथवा कंपनीने मागाहून नोंद बदलली तर ती तिसऱ्या कोणाला ओळखता येईल का? कायद्यानेही या शेवटच्या प्रश्नाकडे अर्धेच पाहिले आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात यावयाची असेल तर संगणकाची जबाबदारी असलेल्या माणसाचे प्रमाणपत्र लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे यंत्राच्या वतीने शेवटी संस्थेचाच माणूस सही करतो. नोंद उपकरणातच स्वाक्षरीत झाली आणि ती तपासण्याची किल्ली जाहीर असली, तर त्या प्रमाणपत्रामागे काही वजन येईल.

यासाठी लागणारे तंत्र आता महाग राहिलेले नाही. केंद्राच्या खांबावर आजचा पाऊस दाखविणारी एक पाटी, ग्रामपंचायतीच्या फलकावर रोजचा आकडा, नोंदीवर उपकरणातच स्वाक्षरी आणि तिची प्रत शेतकऱ्याला, विमा कंपनीला व शासनाला एकाच वेळी, एवढे केले तरी कुंपणाची उंची वाढविण्यापेक्षा अधिक साधेल. निविदेच्या मसुद्यात ही चार-पाच वाक्ये घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. पुढच्या खरिपाच्या आत एखाद्या जिल्ह्याने हे करून पाहावे, असे मला वाटते.